काजळीचे कान

"ए, हॉर्न काय वाजवतोस? घोड्याला ब्रेक नसतो, मेल्या!"

बसच्या ड्रायव्हरने माझ्याकडे बघून हसत पुन्हा हॉर्न वाजवला. मुद्दाम. सिग्नल लाल, पुढे गाड्यांची रांग, मी काय घोडा डोक्यावर घेऊन उडणार होते? माझा ढब्बू बिचारा मागचे पाय आखडून उभा. मी खोगिरावरूनच वाकले आणि चाबकाची मूठ बसच्या काचेवर आपटली. "आता वाजव बघू!" तेवढ्यात सिग्नल सुटला आणि तो शिव्या देत निघून गेला. शिव्या मला नव्या नव्हत्या. माझा नवराही बसच चालवतो, त्यामुळे घरी सराव होतो.

पुढे बाबा चालले होते, काजळीवर. मागे एवढा तमाशा झाला तरी त्यांनी मान वळवली नाही. ताठ पाठ, एका हातात लगाम आणि दुसरा हात काजळीच्या मानेवर. थोड्या थोड्या वेळाने तिला थोपटत होते. पोटची पोरगी भर रस्त्यात भांडतेय आणि ह्यांचे घोडीचे लाड चाललेत! डोक्यात जायचं माझ्या.

"बाबा, लाड करायला तबेला आहे ना!" मी ओरडले.

उत्तर नाही. ते मागून हाक मारली तर कधीच द्यायचे नाहीत. तबेल्यात सगळे म्हणत, म्हाताऱ्याला ताठा फार, आयुष्य खोगिरावर गेलं, त्याला खाली उभी असलेली माणसं दिसत नाहीत. मीही तेच म्हणायचे, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायचे.

आम्ही दोघं घोडेस्वारीच्या शाळेत नोकरीला. पूर्वी तबेला आणि मैदान एकाच आवारात होतं. मग मैदान विकलं गेलं, तिथे काचेच्या इमारती आल्या, आणि शाळेने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला नवं मैदान घेतलं. तबेला मात्र होता तिथेच राहिला. म्हणून रोज सकाळी घोडे भर रहदारीतून मैदानावर न्यायचे आणि संध्याकाळी भर रहदारीतून परत आणायचे. ज्याने हे ठरवलं तो माणूस एकदा तरी घोड्यावर बसून त्या मोठ्या चौकात उभा राहायला हवा होता. ट्रक, बस, टॅक्स्या, मोटारसायकलवरचे ते डिलिव्हरीवाले, आणि मधे आम्ही. लोक काच खाली करून फोटो काढतात, तोंडाने टॉक टॉक आवाज करतात. एकाने तर घोड्याच्या तोंडापुढे जळती सिगरेट धरली होती. त्याचं मी काय केलं ते सांगत नाही.

बाबांना मात्र कधी राग आलेला पाहिला नाही. ते काजळीवर बसले की रस्ता जणू त्यांच्या बापजाद्यांचा. मागून बस येतेय हे त्यांना माझ्या आधी कळायचं. बस दिसायच्याही आधी काजळी दोन पावलं कडेला झालेली असायची. मला वाटे, काय कान आहेत म्हाताऱ्याचे!

घरी मात्र त्यांच्याशी बोलणं म्हणजे शिक्षा होती. बोलायला लागलं की टक लावून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे, जशी काही मी खोटंच बोलतेय. फोन उचलायचे नाहीत. "ज्याला काम आहे तो येईल तबेल्यात," म्हणायचे. आई असेपर्यंत तीच त्यांची सगळी बोलणी सांभाळायची. ती गेल्यावर ते अजूनच गप्प झाले, आणि मी अजूनच चिडकी.

मग तो आरसा फुटला. शाळेचा एक नवा घोडा, नवाच स्वार. ट्रकच्या भोंग्याने घोडा बिचकला आणि त्याच्या ढुंगणाचा धक्का लागून एका मोठ्या गाडीचा आरसा तुटला. गाडीवाला वकील निघाला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मॅनेजरने आम्हाला ऑफिसात बोलावलं.

"उद्यापासून प्रत्येक घोड्याला कानटोपी," तो म्हणाला. "आत जाड स्पंज. आवाज कानात गेलाच नाही तर घोडा बिचकणार कसा?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. परदेशातल्या घोड्यांचे तसे फोटो मी पाहिले होते.

"काजळीला नको," बाबा म्हणाले.

"का, काका?"

"ती बिचकत नाही."

"नियम सगळ्यांना सारखा. टोपी नाही तर घोडी रस्त्यावर नाही."

बाबांनी ओठ घट्ट मिटले आणि ते बाहेर निघून गेले. मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, "समजाव जरा. ह्या वयात दुसरं काम कोण देणार त्यांना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग मॅनेजरचा आला, पण जास्त बाबांचा. कारण नसताना अडून बसायचं, आणि समजावायचं मी.

कानटोप्या मीच शिवल्या. घरच्या मशिनवर, जुन्या कांबळ्याच्या, आत दुहेरी स्पंज घालून. नवरा खाटेवर पडून बघत होता.

"एक माझ्या मापाची पण शीव," तो म्हणाला. "घरात घालून बसत जाईन."

"तुझ्यासारख्या भोंगेवाल्यांमुळेच ही वेळ आलीय घोड्यांवर."

"मी वाजवतो ते तुमच्या भल्यासाठीच! मागे कोण आहे ते कळायला नको?"

त्या वेळी मी हसले होते. काजळीची टोपी सगळ्यात छान झाली. काळं कापड, कानांच्या मापात अगदी घट्ट, खाली नाडी. एवढं मन लावून मी स्वतःसाठीही कधी काही शिवलं नसेल.

सकाळी मी टोपी काजळीला बांधली आणि ढब्बूच्या पोटाखालचा तंग आवळायला गेले. परत येऊन पाहते तर बाबा नाडी सोडत होते.

"राहू दे ते," मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं.

"नको तिला."

"पण का नको? तोंड उघडून सांगाल का एकदा? नोकरी तुमच्या एकट्याची नाहीये, माझीही आहे. तुमच्या हट्टापायी मी घरी बसू?"

 त्यांचा हात पुन्हा नाडीकडे गेला. मी त्यांचं मनगट धरलं. बापाचं मनगट असं धरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रिकिबीत पाय घातला आणि ते वर बसले. मी नाडी पुन्हा बांधली. गाठ पक्की मारली.

त्या दिवशी ते वेगळंच काहीतरी करत होते. सारखी मान वळवून मागे बघत होते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा मागे. काजळी डोकं झटकत होती, आणि तिच्या मानेवरचा तो नेहमीचा हात आज मांडीवर पडून होता. मला वाटलं, नाटकं. टोपीचा राग आता मुक्या जनावरावर काढतायत. मी मागून चांगले चार शब्द सुनावत होते. जिभेला हाड नाहीच माझ्या.

उड्डाणपुलाखाली कचऱ्याची गाडी कडेला लावलेली होती. तिला वळसा घालायचा तर रस्त्याच्या मधे जावं लागणार. बाबांनी एकदा मागे पाहिलं. तेव्हा रस्ता मोकळा होता. त्यांनी मान पुढे वळवली, आणि त्याच क्षणी मागच्या वळणावरून ट्रक आला. चांगला जोरात, भोंगा वाजवत.

"बाबा, थांबा!"

माझा आवाज काय आहे ते सगळ्या तबेल्याला ठाऊक आहे. पलीकडच्या फुटपाथवरची माणसं जागच्या जागी थांबली. बाबा थांबले नाहीत. काजळीला त्यांनी शांतपणे उजवीकडे घेतलं, जसा काही मागे ट्रक नव्हताच.

पुढे मी काय केलं ते ठरवून केलं नाही. ढब्बूच्या पोटात टाच मारली आणि त्याला ट्रक आणि काजळीच्या मधे घातलं. ब्रेक किंचाळले. ट्रकचा बंपर माझ्या गुडघ्याला लागला आणि रिकीब वाकली. ढब्बू गुडघ्यांवर बसता बसता सावरला. एवढा जाडा प्राणी, त्या दिवशी मला त्याचे पाय धरावेसे वाटले. बाबांनी तेव्हा वळून पाहिलं. आधी ट्रककडे, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाबांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

ट्रकवाला अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, "कधीचा भोंगा वाजवतोय! बहिरा आहे का म्हातारा?"

मी शिवी द्यायला तोंड उघडलं. चांगली सणसणीत, त्याच्या सात पिढ्यांना पुरेल अशी. आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

बाकीचा रस्ता आम्ही चालत्या वेगाने कापला. गुडघा ठणकत होता, पण माझं लक्ष बाबांच्या पाठीकडे होतं. मैदानाच्या अलीकडच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी मागून, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, काजळीचा नाल निघालाय."

हे ऐकून खाली उडी मारणार नाही असा स्वार जगात नाही. बाबा चालत राहिले.

"बाबा!" मी ओरडले. "काजळी लंगडतेय! रक्त येतंय तिच्या पायातून!"

ताठ पाठ. टापांचा आवाज. एवढंच.

मैदानावर पोचल्यावर मी खाली उतरून त्यांच्या समोर उभी राहिले. इतका राग आला होता की रडूही येईना. इतकी वर्षं मी त्या पाठीला बोलत आले होते. भांडले होते, टोमणे मारले होते, आई गेली त्या रात्री त्यांच्या मागे बसून बडबडले होते आणि ते वळले नाहीत म्हणून महिनाभर बोलले नव्हते.

"कधीपासून?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग नजर खाली घातली.

"एक कान तुझी आई असतानाच गेला. दुसरा हळूहळू."

"आईला माहीत होतं?"

"तिला काय माहीत नव्हतं?"

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मी कोण, शेजारीण?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"घरी बसवलं असतं! दुसरं काय करणार होते?"

"मग," ते म्हणाले. "म्हणून नाही सांगितलं."

त्यांनी काजळीच्या टोपीची गाठ सोडायला घेतली. माझीच गाठ, सुटता सुटेना. टोपी निघाली तशी काजळीने डोकं झाडलं आणि दोन्ही कान भराभर फिरवले.

"ऐकायचं काम हिचं," बाबा म्हणाले. "डावा कान मागे गेला की डावीकडून कोणीतरी. दोन्ही मागे गेले की मोठी गाडी. मला फक्त बघत राहायचं असतं." मग म्हणाले, "मॅनेजरला बोलू नकोस. एवढंच कर."

 मी बादली उचलून आपटली आणि पाणी आणायला गेले.

दुपारी मॅनेजरचा निरोप आला. ट्रकवाल्याने तक्रार केली होती. आम्ही दोघं ऑफिसात उभे राहिलो. मॅनेजर खुर्चीत मागे रेलला होता.

"घोडी एकदम आडवी आली म्हणतो तो. कानटोपी घालूनही बिचकते म्हणजे घोडीच्या डोक्यातच काहीतरी आहे. वयही झालंय. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, त्याला माल वाहायच्या गाडीला घोडी हवीय. देऊन टाकू."

"काजळी बिचकली नाही," मी म्हटलं.

"मग मधे कशी गेली?"

 सांगितलं तर बाबा घरी, नाही सांगितलं तर काजळी गाडीला. 

"टोपी मी शिवली होती," मी म्हटलं. "नीट बसली नव्हती. चूक माझी. मला काढा."

"उगाच स्वतःवर घेऊ नकोस. तू तर मागे होतीस."

"साहेब," बाबा म्हणाले. ते दाराशी उभे होते, मॅनेजरच्या ओठांवर नजर लावून. "घोडीचा दोष नाही. मला ऐकू येत नाही."

मॅनेजर आधी हसला. "काय काका, मस्करी करता!"

"दोन्ही कान गेलेत. घोडी ऐकायची आणि मी तिचे कान बघायचो. आज तिचे कान बांधलेले होते."

मग त्या माणसाने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो उठला, बाबांचे खांदे धरून त्याने त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि मागून टाळी वाजवली. बाबा तसेच उभे. त्याने पुन्हा टाळी वाजवली, अगदी कानाजवळ. मग मला डोळा घालून टेबलावरची पितळी घंटी उचलून वाजवली. बाबा हात शरीराशी लावून ताठ उभे होते.

"झालं का?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"बास!" मी मॅनेजरच्या हातातली घंटी हिसकावून घेतली. "सर्कस आहे का ही? माणूस आहे तो! माझा बाप आहे!"

"अगं, खात्री करायला नको? इतकी वर्षं बहिरा माणूस रस्त्यावर! काही झालं असतं म्हणजे?"

"झालं काय? इतक्या वर्षांत काजळीने कोणाचा आरसा फोडला? कोणाला पाडलं? जे झालं ते आज झालं, तुमच्या स्पंजाने आणि माझ्या शिवणकामाने!" माझा आवाज बाहेर मैदानापर्यंत गेला असणार, कारण घोडे खिंकाळायला लागले. "काजळी कुठल्याही गाडीला जाणार नाही. आणि तिच्या कानांना आता कोणी हात लावायचा नाही. लावून तर बघा!"

मॅनेजर घंटीकडे बघत होता. ती मी कुठे फेकेन ह्याचा त्याला भरवसा नव्हता. शेवटी म्हणाला, "काका उद्यापासून रस्त्यावर जाणार नाहीत. तबेल्यात बघतील. घोडी राहू दे. पण तू चालवायची, आणि काही झालं तर तू आणि तुझी घोडी."

बाबा अजून भिंतीकडेच तोंड करून होते. त्यांना वळवायचं मॅनेजरला सुचलंही नव्हतं. मी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच तुटून पडले. "का बोललात? सांभाळलं असतं मी काहीतरी!"

"घोडीने माझं काम केलं," ते म्हणाले. "तिला गाडीला जुंपणार, आणि मी मूग गिळून बसू?"

म्हातारा खरं बोलत होता, आणि त्याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काजळीवर खोगीर बाबांनीच चढवलं. तंग दोनदा तपासला. माझा गुडघा सुजलेला, पाय उचलवेना. त्यांनी दोन्ही हातांचे पंजे एकमेकांत गुंफून खाली धरले आणि मला वर चढवलं. लहानपणी चढवायचे तसं. मग रिकिबीचा पट्टा माझ्या मापाला आखूड केला, काजळीच्या कपाळावरून हात फिरवला, आणि फाटकापर्यंत आमच्यासोबत चालत आले. फाटकापाशी थांबले. मी वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात झाडू होता. मी लगेच पुढे पाहिलं.

त्या सकाळी मला अख्ख्या शहराशी भांडायचं होतं. टॅक्सी जवळून गेली, मी शिवी दिली. डिलिव्हरीवाला आडवा आला, त्याच्या पेटीवर चाबूक हाणला. मोठ्या चौकात मागून बस आली. काजळीचे दोन्ही कान मागे गेले. मीही आवाज ऐकला आणि तिला कडेला घेतलं. बस निघून गेली. कान मागेच.

"काय गं, गेली ना ती बस!" मी म्हटलं.

काजळी मंदावली. मी टाच लावली. ती दोन पावलं गेली आणि चौकाच्या मधोमध थांबली. कान अजून मागे. सिग्नल हिरवा, मागून सगळ्यांनी एकदम हॉर्न सुरू केले. "चल, चल ना बये! आता तूसुद्धा छळणार का मला?" मी लगाम हलवला, टाच मारली, चाबूक उचलला. काजळी जागची हलेना. ती बिचकलेली नव्हती, घाबरलेलीही नव्हती. ती वाट बघत होती.

उचललेला चाबूक मी खाली घेतला. बाबांचा तो हात मला आठवला. थोड्या थोड्या वेळाने मानेवर पडणारा, ज्याला मी लाड म्हणत आले होते.

मी तिच्या मानेवर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं.

कान पुढे आले. काजळी चालायला लागली.

पुढच्या वळणावर डावा कान मागे गेला. मोटारसायकल. मी हात ठेवला, कान पुढे आला. मग ट्रक. मग पुन्हा बस. ती एकेक बातमी देत होती आणि पोचल्याची खूण मिळेपर्यंत थांबत होती. इतकी वर्षं ह्या दोघांचं भर रस्त्यात, एवढ्या गोंगाटात, हे बोलणं चाललं होतं, आणि मी मागून बोंबलत होते. मला ती मी शिवलेली टोपी टराटरा फाडावीशी वाटली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

शेजारून एका टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "ओ बाई, लाड घरी नेऊन करा! रस्ता अडवू नका!"

मी त्याला काहीच बोलले नाही. काजळीचा उजवा कान मागे वळला होता. मी तिच्या मानेवर हात ठेवला.